न शिकवलेल्या व्यायामाला नापास कसं करता?

अकोल्याच्या जठारपेठेत फिजिओथेरपीचा व्यवसाय करताना एक वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं आहे की आता त्याला जाहीर उत्तर देणं भाग आहे. "त्या व्यायामानं काही होत नसतं." सासू सुनेला सांगते, मैत्रीण मैत्रिणीला सांगते, आणि अधूनमधून डॉक्टरही रुग्णाला सांगतात. विषय आहे खोकताना, शिंकताना, हसताना, भरलेली बादली उचलताना लघवी सुटण्याचा. या त्रासावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा, म्हणजे पेल्विक फ्लोअरचा व्यायाम हा पहिला उपचार आहे. जगभरात तो तसाच मानला जातो. आपल्याकडे मात्र तो नीट न देताच निकामी ठरवला जातो आणि बाईला दोनच वाटा उरतात: सहन करा, नाहीतर ऑपरेशन करा. या दोन वाटांच्या समर्थनार्थ जे जे सांगितलं जातं, त्यातलं काहीच टिकत नाही, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पहिला युक्तिवाद सगळ्यांत जुना: बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे होणारच.

होतं, हे खरं. पण का होतं ते पाहिलं की "होणारच" या शब्दातली हवा निघून जाते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार तो पेलतो. आपण खोकतो किंवा वजन उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर येतो. त्याच क्षणी हे स्नायू आवळले जाऊन मूत्रमार्ग बंद ठेवतात. त्यांचा जोर त्या दाबापुढे कमी पडला की लघवी सुटते. बाळ खाली यायला फार वेळ लागला, चिमटा लावावा लागला, तर हे स्नायू जास्त ताणले जातात, काही वेळा हाडाजवळ फाटतातही. पुढे पाळी जाते, वजन वाढतं, चुलीच्या धुरानं किंवा दम्यानं खोकला कायमचा मागे लागतो, बद्धकोष्ठतेमुळे रोज कुंथावं लागतं. शेतात काम करणारीला कापसाचं, सोयाबीनचं ओझं चुकत नाही. अकोल्यात नळ रोज येत नाहीत. येतात त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे भरून ठेवायचं काम घरातल्या बाईकडेच असतं. म्हणजे आधीच कमजोर झालेल्या स्नायूंवर वर्षानुवर्षं भार पडत राहतो आणि त्यांना बळ देण्याचं काम कोणी करत नाही.

स्नायू कमजोर झाला तर तो बळकट करता येतो, ही गोष्ट आपण शरीराच्या इतर प्रत्येक भागाबाबत मान्य केली आहे. सत्तरीतल्या आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून त्यांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम देतात. अर्धांगवायू झालेल्याचा हात महिनोन्‌महिने हलवून घेतात. तिथे कोणी वयाचं कारण पुढे करत नाही. मग हाच स्नायू बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी असला की त्याला शरीरशास्त्राचे नियम लागू होत नाहीत, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे? बाळंतिणीला सव्वा महिना शेक-शेगडी देतो, पोट बांधतो, डिंकाचे लाडू खायला घालतो. ज्या स्नायूंनी बाळंतपणाचा सगळा ताण सोसला, त्यांची साधी चौकशीही त्या सव्वा महिन्यात होत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर आहे, कारण तो स्वतः बायकाच करतात: आम्ही करून पाहिलं, फरक पडला नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. "शिंक आली का लघवी सुटते वो मॅडम. लग्नाकार्यात जाणंच सोडलं म्या. थो व्यायाम बी केला वर्षभर, काईच फरक नाई." मी म्हटलं, काकू, कसा करता ते दाखवा. त्या टेबलावर आडव्या झाल्या, छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून धरला. पोट दगडासारखं कडक झालं, मांड्या एकमेकींवर दाबल्या गेल्या, कंबर टेबलावरून उचलली गेली. परवानगी घेऊन आतून तपासलं तेव्हा माझ्या बोटांना लागलं ते असं, की स्नायू वर आत ओढला जात नव्हता, सगळा जोर खाली येत होता. ज्या दाबानं लघवी सुटते तोच दाब त्या रोज मन लावून तयार करत होत्या. त्यांच्या चिकाटीत काहीच कमी नव्हतं. त्यांना कोणीतरी ओपीडीच्या दारात उभ्या उभ्या "खालची जागा आवळत जा" एवढंच सांगितलं होतं.

या काकू अपवाद नाहीत. १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली होती. ४७ बायकांना हा व्यायाम थोडक्यात तोंडी समजावून सांगितला आणि मग यंत्रानं मोजलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका अशा पद्धतीनं करत होत्या की त्यानं त्रास वाढण्याचीच शक्यता होती. ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो त्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली आपला शोधनिबंध लिहिला, तेव्हा तपासणी करून स्नायू ओळखायला शिकवणं आणि त्याचा जोर मोजणं हा त्यांच्या पद्धतीचा गाभाच होता. त्यासाठी त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं उपकरणही बनवलं. आपल्याकडे केगलचं नाव पोचलं, शिकवण्याचा भाग वाटेतच गळाला.

नीट शिकवलं तर काय होतं, याचं उत्तरही उपलब्ध आहे. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेनं १४ देशांतल्या ३१ चाचण्या, म्हणजे १८०० हून अधिक बायकांची माहिती एकत्र करून तपासली. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या बायकांना हा व्यायाम दिला, त्यांतल्या ५६ टक्के जणींनी त्रास पूर्ण बरा झाल्याचं सांगितलं. ज्यांना तो दिला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात, की आधी स्नायू आवळता येतो की नाही हे तपासा, मग देखरेखीखाली किमान तीन महिने व्यायाम करून घ्या. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा. देखरेख आणि तीन महिने, या दोन अटींशिवाय केलेला व्यायाम हा उपचार म्हणून मोजताच येत नाही. अर्धी गोळी आठवडाभर घेऊन औषध फुकट आहे असं कोणी म्हटलं तर डॉक्टर ते ऐकून घेतील का?

शिकवायचं म्हणजे काय, तेही सांगते, कारण यात गूढ काही नाही. आडवं व्हायचं, गुडघे मुडपायचे. चारचौघांत बसलेलं असताना वारा सरू नये म्हणून जसं आवरून धरतो, तसं मागून सुरू करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आत आणि वर ओढायचं. पोट, मांड्या आणि कुल्ले सैल ठेवायचे. श्वास कोंडू नये म्हणून मी मोठ्यानं आकडे मोजायला लावते. तोंडानं आकडे चालू असले की श्वास अडवता येत नाही. सुरुवातीला तीन आकड्यांपर्यंतच धरता आलं तरी पुरे, पुढे आठ-दहापर्यंत वाढवायचं. प्रत्येक वेळी धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. नंतर काही झटपट आवळायचे-सोडायचे, कारण शिंकेच्या वेळी वेग लागतो. आधी आडवं, मग बसून, मग उभं राहून. लघवी करता करता धार अडवण्याचा व्यायाम रोज करू नये; त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यात अडथळा येतो. आणि शिंक येतेय असं वाटलं, बादलीला हात घातला, की शिंकण्याआधी, उचलण्याआधी स्नायू आवळून धरायचा. मिशिगनमध्ये १९९८ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात सौम्य त्रास असलेल्या वयस्क बायकांना एवढी एक युक्ती शिकवल्यावर आठवड्याभरात खोकताना सुटणारी लघवी स्पष्टपणे कमी झाली होती. सगळा मिळून दिवसाला दहा मिनिटांचा मामला आहे.

इथे तिसरा आक्षेप येतो: आपल्या योगात मूलबंध आहेच, मग हे वेगळं कशाला?

मूलबंधात आणि अश्विनी मुद्रेत हेच स्नायू कामाला लागतात, हे मला मान्य आहे, आणि ज्या बाईला ते नीट जमतं तिचं काम सोपं होतं. पण वर्गात पन्नास जणी बसलेल्या असताना शिक्षिकेनं "मूलबंध लावा" म्हटलं तर कोणाचा स्नायू वर गेला आणि कोणाचा जोर खाली गेला, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. परंपरेचा अभिमान असेल तर तो अंगमेहनतीच्या शिस्तीतून दाखवावा. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. जोर, बैठका, मल्लखांब तिथे ऐकीव माहितीवर शिकवत नव्हते. उस्ताद समोर उभा राहून चूक दुरुस्त करत होता. तीच शिस्त बाईच्या या व्यायामाला लावा, एवढंच मागणं आहे.

चौथा युक्तिवाद सगळ्यांत महागात पडणारा: पिशवी काढून टाका, कटकट संपेल.

गर्भाशय काढणं काही आजारांत गरजेचं असतं, त्याबद्दल वाद नाही. पण खोकताना लघवी सुटते म्हणून पिशवी काढणं याला वैद्यकीय आधार नाही. लघवी रोखण्याचं काम गर्भाशय करतच नाही. स्वीडनमध्ये तीस वर्षांच्या नोंदी तपासून २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये जो अभ्यास आला, त्यात गर्भाशय काढलेल्या १ लाख ६५ हजारांवर बायकांची तुलना न काढलेल्या बायकांशी केली होती. गर्भाशय काढलेल्यांना पुढे याच त्रासासाठी ऑपरेशन करावं लागण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे ज्या त्रासावर उपाय म्हणून पिशवी काढायची, तोच त्रास वाढण्याची भीती.

महाराष्ट्रानं या बाबतीत एकदा मान खाली घातलेली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावावं लागलं. एवढं झाल्यावरही "पिशवी काढा" हा सल्ला सहज दिला जात असेल, तर देणाऱ्यानं त्याचं कारण कागदावर लिहून द्यावं.

आता ऑपरेशनच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा मी स्वतःच मांडते, कारण तो लपवून वाद जिंकायचा नाही. २०१३ साली नेदरलँड्समध्ये ४६० बायकांवर झालेल्या चाचणीत मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याचं ऑपरेशन आणि फिजिओथेरपी यांची थेट तुलना केली. वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटातल्या सुमारे ९१ टक्के बायकांना सुधारणा वाटली, फिजिओथेरपीच्या गटात ६४ टक्क्यांना. व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्या जणींनी त्या वर्षात ऑपरेशनही करून घेतलं. ऑपरेशन जास्त खात्रीचं आहे, असा याचा अर्थ काढला जातो, आणि मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या बायकांपुरता तो बरोबर आहे. ही चाचणी त्यांच्यावरच झाली होती. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू वाचा. मध्यम ते तीव्र त्रास असूनही निम्म्या बायकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं नाही. ज्यांना नंतर ते लागलं, त्यांचा मार्ग बंद झाला नव्हता. व्यायाम करून पाहिल्यावरही ऑपरेशन कधीही करता येतं. बसवलेली जाळी काढणं मात्र सोपं नसतं. २०१८ च्या जुलैमध्ये इंग्लंडनं योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांचा वापर थांबवला, कारण काही बायकांना कायमच्या वेदना मागे लागल्या होत्या. क्रम उलटा करू नका, एवढंच मी म्हणते.

आपल्या मराठी स्त्रीरोगतज्ज्ञांची परंपरा मोठी आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नाव काढलेले डॉ. वि. ना. शिरोडकर, डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर येण्यावर शोधलेल्या शस्त्रक्रिया आजही त्यांच्या नावानं ओळखल्या जातात. ज्या मातीनं टाक्यांचं हे कौशल्य जगाला दिलं, तिथे टाक्याच्या आधीची तीन महिन्यांची पायरी गाळली जावी, हे आपल्याला शोभत नाही.

पाचवा युक्तिवाद: हे सगळं शहरातल्या, वेळ आणि पैसा असलेल्या बायकांसाठी, खेड्यातल्या बाईला जमणार नाही.

हा युक्तिवाद विदर्भात करणाऱ्यानं आधी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी फक्त ८ टक्के बायकांची स्त्रीरोगासाठी तपासणी झालेली होती. बाईला तपासलंच गेलं नव्हतं. पुढे त्याच गडचिरोलीत गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं आणि १९९९ मध्ये त्याचे निकाल जगासमोर आले. आज देशभर आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. थोडं शिकलेल्या बाईच्या हाती आजारी नवजात बाळ सोपवण्याइतका विश्वास आपण ठेवला आणि तो सार्थ ठरला. तिला एक स्नायू आवळायला शिकवता येणार नाही, असं म्हणायला तोंड कसं उघडतं?

गरीब देशाचा दाखलाही आहे. बांगलादेशातल्या १६ खेड्यांत ६० ते ७५ वर्षांच्या बायकांना गटानं व्यायाम दिला गेला आणि लघवी सुटण्याचं प्रमाण कमी झालं. हे निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले. २०२० साली कॅनडात साठीपुढच्या ३६२ बायकांवर झालेल्या चाचणीत आधी प्रत्येकीला स्नायू ओळखायला शिकवून मग गटात केलेला व्यायाम हा एकेकटीला शिकवण्याइतकाच परिणामकारक निघाला. महागड्या यंत्रांचं काय, तर ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत यंत्राच्या पडद्यावर स्नायूचा जोर दाखवून केलेला व्यायाम साध्या शिकवलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे लागतं काय? शिकवणारी एक जाणती बाई, एक बंद खोली आणि तीन महिने. बचत गट गावोगावी आहेत, भिशी जठारपेठेत गल्लोगल्ली आहे. त्या बैठकीची शेवटची दहा मिनिटं या कामाला देता येतील.

उरला शेवटचा बचाव: बायका सांगतच नाहीत, मग आम्ही काय करणार?

सांगत नाहीत, कारण विचारत नाही कोणी. आणि न सांगण्याची किंमत त्या शरीरानं मोजतात. लघवी सुटेल म्हणून पाणी पिणं कमी करतात. अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेपायी जिल्ह्यात जमावबंदी लावावी लागली. अशा गावात बाई दिवसभर तांब्याभर पाण्यावर काढत असेल तर तिला मुतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता होण्याचा धोका वाढतोच. बद्धकोष्ठतेनं पुन्हा त्याच स्नायूंवर ताण. कावडयात्रा पाहायला गर्दीत उभं राहणं, लेकीच्या लग्नात नाचणं, एसटीनं माहेरी जाणं, सगळं एकेक करत सुटतं. घरातल्यांना वाटतं, हिला हल्ली कशाची हौसच राहिली नाही.

माझ्या म्हणण्याच्या मर्यादाही सांगते. लघवीची एकदम तीव्र घाई होऊन वाटेतच सुटणं हा वेगळा प्रकार आहे. त्यात मूत्राशयाला सवय लावण्याचे आणि औषधांचे उपाय लागतात. लघवीतून रक्त जाणं, जळजळ, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, खालच्या भागात दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी हवी. काहींचे हे स्नायू कमजोर नसून कायम आवळलेले असतात; त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानंही फरक पडतो. आणि तीन महिने नीट करूनही ज्यांचा त्रास जात नाही, त्यांनी ऑपरेशनचा विचार जरूर करावा. तपासणी हवी हा माझा आग्रह याच कारणांसाठी आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. अकोल्याचं लेडी हार्डिंग असो, अमरावतीचं डफरीन असो, की जठारपेठेतला खासगी दवाखाना, प्रत्येक बाळंतिणीला सहा आठवड्यांच्या तपासणीत एक प्रश्न विचारला जावा: खोकताना-शिंकताना लघवी सुटते का? उत्तर होय असेल तर स्नायूची तपासणी होऊन व्यायाम शिकवला जावा. जिल्हा स्त्री रुग्णालयांत हे काम शिकलेल्या महिला फिजिओथेरपिस्टचं पद असावं. आशाताईंच्या सहा भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईच्या या त्रासाचीही नोंद व्हावी. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विनंती, की ऑपरेशनची तारीख देण्यापूर्वी शिकवून घेतलेले तीन महिने केसपेपरवर दिसू द्या.

बायकांना मात्र विनंती करत नाही, सांगतेच. पुढच्या वेळी कोणी "वय झालं" म्हणून तुम्हाला परत पाठवलं, तर खुर्चीवरून उठू नका. माझा स्नायू तपासला का आणि व्यायाम मला कोण शिकवणार, हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तिथून निघू नका.